चेसिसचे साल, इंजिनाचे साल

जुनी मोटारसायकल दिसली की माणूस पहिल्यांदा तिचे साल विचारतो. मालक आरसी बुक काढतो, त्यातले वर्ष वाचून दाखवतो आणि विचारणाऱ्याचे समाधान होते. ते वर्ष बहुतेक वेळा खोटे नसते, पण ते पासिंगचे असते. चेसिस त्याच्या आधी कधीतरी कारखान्यातून बाहेर पडलेली, इंजिन दुसऱ्याच गाडीतून उतरवलेले, पुढचे चाक तिसऱ्या गाडीचे, टाकी बाजारातून आणलेली, असे असेल तर त्या गाडीचे साल कोणते म्हणायचे? ही पुस्तिका या प्रश्नासाठी आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. अशा गाडीचे साल चेसिसवरून ठरवावे, बाकीच्या प्रत्येक भागाचे साल वेगळे नोंदवावे, आणि या नोंदी एकमेकींत मिसळू देऊ नयेत.

हे सारे लिहिताना डोळ्यांपुढे डिंगोरे आणि आसपासची गावे आहेत. डिंगोरे जुन्नर तालुक्यात, नगर-कल्याण महामार्गावर, ओतूरकडून माळशेजकडे जाताना लागते. घाटाच्या बाजूचा पाऊस पत्र्याला सोडत नाही. मडगार्ड, सायलेन्सर, बॅटरीचा डबा हे भाग इकडे लवकर सडतात. कुकडी प्रकल्पाच्या येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या धरणांचे पाणी जुन्नर-आंबेगावच्या शेतांत खेळू लागले तशी मोटारसायकल ही हौसेपेक्षा कामाची वस्तू झाली. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या अडकवलेली राजदूत पाहिलेली माणसे आजही गावोगाव आहेत. कामाची गाडी उभी ठेवून चालत नाही. कंपनीचा भाग येईपर्यंत थांबण्याऐवजी मिस्त्री हाताला लागेल तो भाग बसवत असे. कधी तो पुण्याच्या नाना पेठेतून येई, कधी बुधवारी-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारातून, तर कधी भंगारात निघालेल्या दुसऱ्या गाडीतून. म्हणून इकडच्या जुन्या गाड्यांत मिसळ असणे हे स्वाभाविक आहे. तिच्याबद्दल कोणी ओशाळून जाण्याचे कारण नाही. ज्या मिस्त्रींनी ही मिसळ केली त्यांच्यामुळेच गाडी आपल्यापर्यंत पोहोचली.

मिसळ एवढी सहज का झाली, याचे उत्तर मात्र बुलेटच्या जन्मकथेत आहे. ३५० सीसीची स्विंगिंग आर्म असलेली बुलेट इंग्लंडातल्या रेडिच इथल्या रॉयल एनफिल्डने १९४९ च्या सुमारास बाजारात आणली. १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात भारतीय सैन्याने ती सीमेवरच्या गस्तीसाठी निवडली. १९५५ मध्ये मद्रास मोटर्स आणि इंग्रज कंपनी यांनी मिळून एनफिल्ड इंडिया उभी केली आणि मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. १९५७ मध्ये सुटे भाग बनवण्याची यंत्रसामग्री भारतात आली, आणि १९६२ पर्यंत सगळी गाडी इथेच बनू लागली. पुढे १९६७ मध्ये रेडिचचा कारखाना बंद पडला. मद्रासची बुलेट मात्र तोच १९५० च्या दशकातला आराखडा घेऊन पुढे चालत राहिली. सिलिंडरचा बोअर ७० मिलिमीटर, स्ट्रोक ९० मिलिमीटर, म्हणजे ३४६ सीसी. हे माप अनेक दशके बदलले नाही. चार गिअरचा गिअरबॉक्सही तसाच राहिला.

याचा परिणाम नीट समजून घ्यायला हवा. १९८५ चे सिलिंडर १९६२ च्या क्रँककेसवर फारशी खटपट न करता बसते. गिअरबॉक्स, हेडलाइटचे डोके, चाकाचे हब, टाकी यांचेही तेच. आराखडा बदलत गेलेल्या गाडीत परका भाग लगेच ओळखू येतो, कारण तो बसवायला काहीतरी कापावे, वेल्डिंग करावे, नवा ब्रॅकेट लावावा लागतो. बुलेटमध्ये असा पुरावा राहत नाही. चाळीस वर्षे एकच आराखडा चालल्यामुळे मिस्त्रीचे काम सोपे झाले आणि साल शोधणाऱ्याचे तितकेच अवघड.

जावा-येझदीची गोष्ट वेगळी आहे. म्हैसूरला आयडियल जावा कंपनी १९६० मध्ये स्थापन झाली आणि १९६१ पासून तिथे झेकोस्लोव्हाकियाच्या परवान्यावर २५० सीसीची जावा बनू लागली. १९७३ पासून गाड्यांवर येझदी हे नाव आले, १९७८ मध्ये रोडकिंग आली, आणि १९९६ मध्ये कारखाना बंद झाला. किक मारायचा दांडाच खाली पाडून गिअर टाकायला वापरायचा, ही या गाड्यांची ओळख. जुन्या जावाचे इंजिन आणि नंतरच्या येझदीचे इंजिन यांत बाहेरूनच फरक दिसतो, म्हणून येझदीचे इंजिन पोटात घेतलेली जावा जाणकार लांबूनही ओळखतो. राजदूत १७५ ही एस्कॉर्ट्सने पोलंडच्या एसएचएल एम-११ या गाडीच्या परवान्यावर १९६२ पासून बनवली. तिच्या छोट्या भावंडाला, जीटीएसला, १९७३ च्या 'बॉबी' चित्रपटामुळे लोक बॉबी राजदूत म्हणू लागले. या दोन्ही घराण्यांवर पुस्तिकेत स्वतंत्र प्रकरणे आहेत. इथे मी बुलेटवर अधिक लिहितो, कारण सर्वांत जास्त घोटाळा तिच्यातच होतो आणि सर्वांत जास्त पैसाही तिच्यावरच लावला जातो.

साल शोधायची रीत एका साध्या निरीक्षणावर उभी आहे. गाडीचे भाग ठरावीक क्रमाने बदलले जातात. टायर, केबल, सीट आधी जातात. मग सायलेन्सर आणि मडगार्ड. मग वायरिंग, बॅटरी, कार्बोरेटर. पिस्टन-सिलिंडरची पाळी त्यानंतर येते, गिअरबॉक्सची त्याहून उशिरा. क्रँककेस फुटल्याशिवाय कोणी बदलत नाही आणि चेसिसला तर अपघातात वाकल्याशिवाय कोणी हात लावत नाही. पुरावा वाचताना हाच क्रम उलटा धरावा. चेसिस काय सांगते ते आधी ऐकावे, क्रँककेसचे त्यानंतर, आणि टाकीवरच्या बिल्ल्याचे सर्वांत शेवटी. बहुतेक हौशी माणसे याच्या नेमके उलट करतात. बिल्ला, रंग आणि मडगार्डचा आकार पाहून ती मनात साल पक्के करतात आणि मग चेसिस नंबर त्या सालात बसवायचा प्रयत्न करतात.

चेसिस नंबर वाचणे हेही एक कौशल्य आहे. हँडलच्या मानेजवळचा रंग रॉकेलने किंवा पेंट रिमूव्हरने हलक्या हाताने उतरवावा. तिथे ग्राइंडर किंवा वायर ब्रश कधीही लावू नये. आकडे दिसले की कागद ठेवून पेन्सिलने छाप घ्यावा, आरटीओत पासिंगच्या वेळी घेतात तसाच. मग नंबराच्या आसपासचा पृष्ठभाग पाहावा. कारखान्यातले ठसे एकाच संचातले असतात. त्यांची उंची आणि वळण सारखे असते. आकडे वेगवेगळ्या खोलीचे असतील, खालची धातू आजूबाजूपेक्षा सपाट आणि चकचकीत असेल, तर तो नंबर नंतर ठोकलेला असण्याची शंका घ्यावी. घासलेल्या नंबराखालची धातू दाबली गेलेली असते, म्हणून न्यायवैद्यक प्रयोगशाळेत आम्ल लावून खालचा जुना नंबर पुन्हा दिसू शकतो. घरी हा प्रयोग कोणी करू नये. सतरा अक्षरांचा जो नंबर आज आपण पाहतो, ज्यात एका ठरावीक जागेवरचे अक्षर वर्ष सांगू शकते, तो आपल्या या जुन्या गाड्यांवर नाही. त्यांच्यावर कारखान्याचा नुसता अनुक्रम असतो. तो कोणत्या वर्षात पडतो हे दुसऱ्या खात्रीच्या गाड्यांशी ताडून पाहावे लागते. म्हणून प्रत्येक खात्रीच्या गाडीची नोंद पुढच्या शोधणाऱ्याच्या उपयोगी पडते.

इंजिनाकडे वळताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. क्रँककेसचे दोन अर्धे असतात आणि कारखान्यात ते जोडीने बोअर केलेले असतात. अनेक ब्रिटिश इंजिनांत दोन्ही अर्ध्यांवर खालच्या बाजूला एकच जोडणी क्रमांक ठोकलेला सापडतो. तो जुळला नाही तर इंजिनाचा एक अर्धा दुसऱ्याच इंजिनाचा आहे हे पक्के समजावे, वरचा इंजिन नंबर कितीही चोख असला तरी. ओतीव भागावर साच्यातून उठून आलेले आकडे दिसतात, त्यांना भुलू नये. ते साच्याचे आकडे असतात. साचा १९५० च्या दशकातला असला तरी त्यातला भाग १९८८ मध्ये ओतलेला असू शकतो. पिस्टनच्या डोक्यावर ओव्हरसाइजचे माप असते, त्यावरून सिलिंडर किती वेळा बोअर झाले याचा अंदाज येतो. जुन्या, झिजलेल्या क्रँकवर मूळ मापाचे सिलिंडर दिसले तर सिलिंडर तरी बदललेले आहे, नाहीतर त्यात लायनर टाकलेला आहे.

छोट्या भागांत काही भाग फार बोलके असतात. लुकासच्या इंग्लंडात बनलेल्या विजेच्या भागांवर, म्हणजे मॅग्नेटो, डायनॅमो, दिवे यांवर, महिना आणि वर्ष अगदी बारीक ठोकलेले असते. '६ ५४' असे दिसले तर जून १९५४. भारतात लुकास-टीव्हीएस ही कंपनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला आली, त्यामुळे तिचे नाव असलेला भाग त्याआधीचा असूच शकत नाही. अमालचे मोनोब्लॉक कार्बोरेटर १९५५ च्या सुमाराचे, काँसेंट्रिक १९६७ पासूनचे. १९५८ ची म्हणून दाखवलेल्या बुलेटवर काँसेंट्रिक असेल तर ते नंतर बसवले आहे हे उघड आहे. मात्र तेवढ्यावरून गाडी १९५८ ची नाही असे म्हणता येत नाही. ही चूक मी फार वेळा ऐकतो. नव्या भागावरून एवढेच कळते की गाडीला शेवटचा हात त्या सालानंतर लागला. जुना भाग तर याहूनही कमी सांगतो, कारण १९५४ चा डायनॅमो कोणीही १९७० च्या गाडीत बसवू शकतो.

आटे पाहायला विसरू नये. जुन्या बुलेटला इंची मापाचे ब्रिटिश आटे आहेत, जावा आणि राजदूत यांचे आटे मेट्रिक. सुतांच्या पान्यांनी उघडायच्या इंजिनात मध्येच एखादा एमएमचा बोल्ट भेटला, तर तिथले आटे खराब होऊन कोणीतरी पुन्हा टॅप मारला असण्याची शक्यता मोठी. जुन्या मिस्त्रींना हे हाताच्या स्पर्शाने कळते. पान्यात डोके किंचित हलले की ते थांबतात.

आता कागदांविषयी. ब्रिटिश कंपन्यांचे नवे मॉडेल वर्ष जानेवारीत सुरू होत नसे. शरद ऋतूत लंडनच्या अर्ल्स कोर्टला मोटारसायकलींचे प्रदर्शन भरे आणि त्याच सुमारास पुढच्या वर्षाची मॉडेले बनायला लागत. म्हणजे १९५५ चे मॉडेल १९५४ च्या अखेरीस बनलेले असू शकते. आपल्याकडे त्यात आणखी एक गुंता आहे, सैन्याच्या गाड्यांचा. सैन्यात वापरून झालेल्या गाड्या लिलावात निघत आणि नागरी आरटीओत त्यांचे पासिंग तेव्हा होई. आरसी बुकात तेच पहिले पासिंग. महाराष्ट्रात १९८९ मध्ये नंबरांची नवी पद्धत आली. त्याआधीची तीन अक्षरी पाटी गेली आणि एमएच आले. जुन्नर-आंबेगावच्या नव्या गाड्या एमएच-१४ मध्ये येतात. जुन्या गाडीवर एमएचची पाटी असेल तर तिचे पुन्हा पासिंग झालेले आहे, आणि त्या वेळी जुन्या पुस्तकातले काय उतरवले गेले आणि काय राहिले हे तपासायलाच हवे. जुना रोड टॅक्स, विम्याच्या पावत्या, लग्नाच्या अल्बममधला गाडीवरचा फोटो, हे सगळे कागदच आहेत. फोटोच्या मागे तारीख असेल तर त्या दिवशी गाडीवर कोणते हेडलाइट आणि कोणती टाकी होती हे छापून मिळते.

एक उदाहरण कल्पून पाहू. डिंगोऱ्याच्या एखाद्या पडवीत एक बुलेट उभी आहे. आरसी बुकात पहिले पासिंग १९७४ चे. चेसिस नंबर बुकाशी जुळतो, इंजिन नंबर जुळत नाही. टाकी लाल, पण टूलबॉक्सच्या आतल्या बाजूला आणि टाकीखालच्या नळीवर लालच्या खाली काळा आणि काळ्याच्या खाली लष्करी हिरवा रंग. हेडलाइटच्या डोक्यात दोन छोटे पार्किंग दिवे. हे डोके रेडिचने १९५४ च्या मॉडेलपासून आणले आणि मद्रासने पुढे चालू ठेवले, म्हणून त्यावरून फार काही कळत नाही. कार्बोरेटर काँसेंट्रिक. क्रँककेसच्या दोन्ही अर्ध्यांचे क्रमांक जुळतात, म्हणजे इंजिन एकसंध आहे, फक्त ते या गाडीचे नाही. हिरवा रंग सांगतो की ही चेसिस आधी सैन्यात होती, म्हणून ती १९७४ च्या आधीची. चेसिसचा अनुक्रम खात्रीच्या इतर गाड्यांशी ताडून पाहिला आणि तो १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात पडतो असे निघाले. तर या गाडीविषयी असे लिहावे: चेसिस १९६० ते १९६५, सैन्याची, पहिले नागरी पासिंग १९७४, इंजिन दुसऱ्या गाडीचे, कार्बोरेटर १९६७ नंतरचे. 'बुलेट, मॉडेल १९६२' असे तिच्यावर रंगवणे चुकीचे ठरेल. १९६२ हे वर्ष शक्य आहे, सिद्ध नाही.

नेमके साल न देता काळाचा पट्टा देण्याची ही पद्धत काहींना अपुरी वाटते. जुन्नरच्या माणसाला तशी वाटू नये. नाणेघाटातल्या सातवाहन राणी नागनिकेच्या लेखाचा काळ अक्षरांच्या वळणावरून ठरवतात आणि विद्वानांचे त्यावर मतभेद आहेत, तरीही त्या लेखाचे मोल कमी झालेले नाही. पुरावा जिथपर्यंत नेतो तिथपर्यंत जावे, पुढे जाऊ नये.

कायद्याच्या दृष्टीने हा विषय आता हौसेपुरता राहिलेला नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेल्या, मूळ स्वरूपात जपलेल्या आणि चेसिस किंवा इंजिनात मोठा फेरबदल न झालेल्या दुचाकीला व्हिंटेज म्हणून नोंदता येते. पाटीवर राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, नोंदणीची मुदत १० वर्षे. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, इंधन आणि दुरुस्ती यांसाठीच ती बाहेर काढायची. १९७३-७४ च्या गाड्या आता या वयात आल्या आहेत, म्हणजे गावोगावच्या येझदी आणि राजदूतही. वय मोजायचे पहिल्या नोंदणीपासून, चेसिसच्या जन्मापासून नव्हे, हे वरच्या उदाहरणातल्या मालकाने लक्षात ठेवावे. आणि इंजिन बदललेले असेल तर त्याची नोंद आरसीवर करून घेणे ही पहिली पायरी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडी आणि तिची कागदपत्रे यांत तफावत चालत नाही.

चेसिसला एवढे वजन का, असे विचारणाऱ्यांसाठी इंग्लंडचे उदाहरण देतो. तिथे अनेक वर्षे फेरबदल केलेल्या वाहनाचा मूळ नंबर टिकवायचा की नाही हे गुणांवर ठरवत. किमान ८ गुण लागत. त्यांत मूळ चेसिसला ५ गुण होते, इंजिनाला फक्त १. शिवाय १९४६ मध्ये स्थापन झालेला तिथला व्हिंटेज मोटर सायकल क्लब जुन्या कंपन्यांच्या रवानगीच्या वह्या सांभाळतो आणि त्यांवरून गाडीच्या सालाचे प्रमाणपत्र देतो. आपल्याकडेही अशा नोंदी गोळा व्हाव्यात असे मला मनापासून वाटते. तालुक्यातल्या पन्नास-शंभर जुन्या गाड्यांचे चेसिस नंबर, इंजिन नंबर आणि पहिल्या पासिंगच्या तारखा एका वहीत आल्या, तरी पुढच्या माणसाचे निम्मे काम होईल.

ही निकड आहे, कारण बाजार घाईत आहे. जुन्या गाडीला पुण्या-मुंबईत चांगली किंमत येते आणि जितके साल जुने तितका भाव चढा. गावातून थोडक्यात घेतलेली गाडी चार महिन्यांनी पावडर कोटिंग आणि नवे क्रोम लेवून 'पंचावन्नचे मॉडेल' म्हणून विकली जाते. त्या प्रवासात लष्करी हिरव्याचा थर खरवडला जातो, लुकासचा तारखेचा भाग भंगारात जातो, मिस्त्रीने हाताने घडवलेला ब्रॅकेट कापून टाकला जातो. काही ठिकाणी तर चेसिस नंबर घासून नवा ठोकतात. तो गुन्हा आहे, आणि त्याने त्या गाडीचे साल कायमचे हरवते. परका भाग बसवणाऱ्या जुन्या मिस्त्रीला मी दोष देणार नाही. खोटा नंबर ठोकणाऱ्याला मात्र माफी नसावी.

म्हणून वाचकांना एवढेच सांगणे आहे. घरात जुनी गाडी असेल तर ती रंगायला देण्याआधी तिचे सर्व बाजूंनी फोटो काढा, चेसिस आणि इंजिन नंबरांचे पेन्सिलने छाप घ्या, टाकीखालचा आणि टूलबॉक्सच्या आतला रंग तसाच राहू द्या, काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी बांधून पोत्यात ठेवा. गावात जो मिस्त्री ती गाडी उघडत होता तो हयात असेल तर या आठवड्यातच त्याच्याकडे जा आणि कोणता भाग कुठून आणला होता ते विचारून लिहून घ्या.